अडीनडीची वही

आई गेल्यावर तिची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तळाशी एका इरकलीच्या घडीखाली लांबट वही सापडली. दुकानदार वापरतात तसली, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली आईच्या शाळकरी वळणाच्या अक्षरात एकच शब्द : अडीनडी. आम्ही ठाण्यात किसननगरला राहायचो, वीस खोल्यांच्या बैठ्या चाळीत. महिन्याच्या दहा तारखेनंतर, म्हणजे कंपन्यांचे पगार झाले की, आई आणि तीन नंबरमधल्या काकी खोलीमागे दहा रुपये गोळा करायच्या, एवढं मला आठवत होतं. त्याचा बारा वर्षांचा हिशेब कुणी लिहून ठेवला असेल, हे मात्र माहीत नव्हतं.

वहीत माणसांची नावं नाहीत, खोल्यांचे नंबर आहेत. ‘सहा नंबर, बाळंतपण, १५०.’ ‘अकरा नंबर, कंपनी बंद, रेशन, ८०.’ ‘दोन नंबर, मयत, ३००. परत २२०. बाकी सोडली.’ जिथे जिथे ‘बाकी सोडली’ आहे तिथे खाली चार-पाच जणींच्या सह्या आहेत, एकीचा अंगठा आहे. वही पुन्हा पुन्हा चाळताना एक गोष्ट लक्षात आली आणि हा लेख त्या गोष्टीसाठीच लिहितो आहे. जवळजवळ प्रत्येक खोली तिथे जमेच्या, म्हणजे दिल्याच्या, बाजूलाही आहे आणि नावेच्या, म्हणजे घेतल्याच्या, बाजूलाही. आमची नऊ नंबरची खोली १९८८ च्या पावसाळ्यात सलग चार महिने नावे पडलेली आहे. वडिलांची कंपनी तेव्हा बंद होती. मी सहावीत होतो आणि मला यातलं काहीच कळलं नव्हतं, कारण डबा रोज मिळत होता. त्याच वहीत पुढच्या वर्षी नऊ नंबर पाच खोल्यांच्या अडचणींना पैसे देताना दिसतो.

शेजारपाजारच्या मदतीबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे : जो मदत घेतो तो त्या मदतीच्या व्यवस्थेचा सभासद असला पाहिजे. तिथे त्याची वर्गणी असली पाहिजे, मग ती पाच रुपये का असेना. बैठकीत त्याचं मत असलं पाहिजे, आणि उद्या दुसऱ्याला देण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी असली पाहिजे. हे नसेल तर कितीही धान्य वाटलं तरी वस्ती उभी राहत नाही.

ही रीत आईने शोधलेली नव्हती. चाळीतली माणसं साताऱ्याकडची, चिपळूण-संगमेश्वरची, काही जुन्नरची. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत वागळे इस्टेटला उभी राहिली. तिथल्या यंत्रांवर काम करायला जी कुटुंबं आली त्यांनी गावाकडची सावड सोबत आणली. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, ही सावड. कुणाची पेरणी अडली तर गावातल्या बैलजोड्या एकाच दिवशी त्याच्या शेतात उतरायच्या आणि धन्याने सगळ्यांना जेवू घालायचं, ही इर्जिक. तिथे मजुरीही नव्हती आणि उपकारही नव्हते. शहरात रान नव्हतं, बैल नव्हते, म्हणून तीच गोष्ट पैशांतून आणि वेळेतून होऊ लागली. बायकांची भिशी होती. भिशीची चिठ्ठी जिच्या नावाने निघेल तिला रक्कम, पण चाळीत कुणाच्या घरी आजारपण असेल तर जिचा नंबर लागला ती म्हणायची, ‘मी पुढच्या महिन्यात घेते, आधी वहिनींना द्या.’ याला नंबर सोडणं म्हणायचे. नंबर सोडलेली बाई पुढे कधी अडली तर तिला मागावं लागत नसे.

आज ठाणे-नवी मुंबईत देणाऱ्यांची वाण नाही. सणावाराला, कुणाच्या वाढदिवसाला वह्या वाटल्या जातात, छत्र्या वाटल्या जातात, शिध्याच्या पिशव्या वाटल्या जातात. पिशवीवर देणाऱ्याचा चेहरा छापलेला असतो. घेणारी बाई रांगेत उभी राहते, आधार कार्डाची झेरॉक्स देते आणि पिशवी दोन्ही हातांनी धरून फोटोला उभी राहते. मी अशा वाटपात देणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो आहे. एका वर्षी लोकमान्यनगरला समोर आलेल्या बाईने पदर तोंडावर ओढून घेतला. फोटो काढणारा मुलगा म्हणाला, ‘मावशी, पदर जरा बाजूला घ्या ना.’ तिने घेतला. मी पाहत उभा होतो आणि काही बोललो नाही. त्यानंतर मी वाटपाला गेलेलो नाही.

त्या मुलाच्या मनात वाईट नव्हतं. त्याला हिशेब द्यायचा होता, पिशव्या खरंच पोचल्या याचा पुरावा वरच्याला दाखवायचा होता. पण हा हिशेब घेणाऱ्या बाईला कधीच दाखवला जाणार नव्हता. पैसे कुणी दिले, किती दिले, तांदूळ कुठून घेतला, पाच किलोच का, तिला तांदूळ हवा होता की मुलीच्या परीक्षेची फी, यातलं काही तिला विचारायची सोय नव्हती. ‘लाभार्थी’ हा शब्द आपण आता सहज वापरतो. सरकारी कागदात तो चालून जातो. पण एकाच गल्लीत, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन घरांत एकाला लाभार्थी म्हटलं की दुसरं घर आपोआप दाता होतं, आणि नळावरचं बोलणं बदलतं.

ठाण्याला मदतीची आणखी एक परंपरा आहे आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टेंभी नाक्यावर शिवसेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांच्याकडे रात्री उशिरापर्यंत माणसांची रीघ असायची. नळाचं पाणी, शाळेतला प्रवेश, दवाखान्याचं बिल, घरातली भांडणं, सगळं तिथे जायचं. कितीतरी कुटुंबांना त्याचा आधार वाटला आणि तो आधार खरा होता. माझ्या ओळखीची काही घरं आजही त्यांच्याविषयी डोळ्यांत पाणी आणून बोलतात. पण ती सगळी व्यवस्था एका माणसाच्या दारावर उभी होती. ऑगस्ट २००१ मध्ये ते गेले आणि ज्यांचा एकमेव आधार ते दार होतं त्यांना दुसरं दार शोधावं लागलं. नंतरच्या काळात गल्लीगल्लीत कार्यालयं झाली, तिथे कामंही होतात. मात्र काम झालं की माणूस ऋणी होऊन बाहेर पडतो. ते ऋण दुसऱ्या अडलेल्या शेजाऱ्याला मदत करून फेडता येत नाही. ते मतदानाच्या दिवशी, सभेच्या दिवशी, मिरवणुकीच्या दिवशी फेडायचं असतं. सावडीत ऋण गल्लीतच फिरतं. इथे ते गल्लीतून वर जातं.

मोठं संकट अचानक येतं तेव्हा माणसं सभासदत्व विचारत नाहीत, हे मी दोनदा पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकल बंद झाल्या. मुंबईहून रुळांवरून आणि महामार्गावरून चालत आलेल्या लोकांना त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या रस्त्यांवर चहा, बिस्किटं, कोरडे कपडे मिळाले. ज्यांनी दिले त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी वेळ २०२० ची. २५ मार्चपासून सगळं बंद झालं आणि काही आठवड्यांत माजिवड्याहून नाशिकच्या रस्त्याला माणसांची रांग लागली. डोक्यावर गाठोडी, कडेवर मुलं, खारेगाव, माणकोली, पडघा, पुढे कसारा. श्रमिक रेल्वेगाड्या १ मेपासून सुटू लागल्या तरी पायी जाणारे थांबले नाहीत. आम्ही काही जण खारेगावजवळ खिचडीची पातेली आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उभे राहायचो. तिसऱ्या दिवशी एका तरुणाने खिचडीला हात लावला नाही. त्याने खिशातून बंद पडलेला मोबाइल काढून विचारलं, ‘भैया, चार्जिंग मिलेगा?’ त्याच्या मागचा, त्याच्या मागचा, सगळे तेच विचारत होते. घरचं माणूस कुठवर पोचलं, गाडी आहे की नाही, पुढच्या नाक्यावर अडवतात का, सगळं त्या फोनमध्ये होतं आणि फोन मेले होते. आम्ही तीन दिवस पातेली भरत होतो. ‘तुम्हाला काय हवंय?’ हे एकानेही विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजवाल्याने वीज दिली, आम्ही चार्जिंगसाठी प्लगच्या सहा पट्ट्या लावल्या, आणि मग खिचडीही जास्त खपू लागली, कारण फोन चार्ज होईपर्यंत माणसं बसायची.

ती माणसं ठाण्यात, भिवंडीत, तुर्भ्यात वर्षानुवर्षं राहत होती. त्यांच्या खोल्यांची भाडी इथे जात होती, त्यांची मुलं इथल्या शाळांत होती. पण ती इथल्या कुठल्याही मंडळाची, कुठल्याही फंडाची सभासद नव्हती. वस्तीत त्यांचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं, म्हणून काम थांबल्याच्या दुसऱ्या महिन्यात त्यांच्यापुढे चालत निघण्याशिवाय काही उरलं नाही. रस्त्यावर आम्ही त्यांना खिचडी देऊ शकलो. त्याच्या आधी सहा आठवडे, ती खोलीत होती तेव्हा, त्यांना घरभाड्यात कुणी सांभाळलं असतं तर ती कदाचित त्या रस्त्यावर आलीच नसती.

अचानकच्या संकटापेक्षा मला हळू चालणाऱ्या संकटाची जास्त काळजी वाटते. पूर येतो तेव्हा शेजारी धावतो. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी चार-चार तास डायलिसिसला बसावं लागतं आणि ते वर्षानुवर्षं चालतं. पहिल्या महिन्यात सगळे भेटायला येतात. सहाव्या महिन्यात कुणी येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा खर्च बसतो. न्यासाच्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. हे सगळं आहे, असलंच पाहिजे. पण योजना डायलिसिसचे पैसे देते, रिक्षाचे देत नाही. सोबत जाणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज देत नाही. घरी परतल्यावर उलट्या होणाऱ्या माणसाजवळ बसायला माणूस देत नाही. तिथे गल्लीच लागते. आमच्या ओळखीच्या एका वस्तीत तीन रिक्षावाल्यांनी सोमवार, बुधवार, शनिवार वाटून घेतले आहेत. फेरी त्यांना तशी मार्गावरच पडते. पेशंटच्या बायकोने सुरुवातीला खूप नको म्हटलं. नंतर तिने त्यांच्या मुलांचा अभ्यास घ्यायचं कबूल करून घेतलं, तेव्हा ती त्या रिक्षेत निर्धास्त बसू लागली.

नियमितपणा हाच मुद्दा रक्तदानालाही लागू आहे. मंडळांची शिबिरं मोठी होतात, एका दिवसात शेकडो पिशव्या जमतात, आणि बहुतेक एकाच मोसमात, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना, उत्सवांना, जयंत्यांना. लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. प्लेटलेट पाच दिवस. कॉलेजांना सुट्टी लागते त्या एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या आसपास रक्तपेढ्या रिकाम्या होतात. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. म्हणजे एका मंडळाने आपल्या दोनशे दात्यांची यादी महिन्यांत विभागली तर वर्षभर रक्त मिळत राहील. त्यात मोठा मंडप लागणार नाही आणि मोठा फोटोही होणार नाही. पण थॅलेसेमियाच्या ज्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याच्या आईला मे महिन्यात फोन घेऊन वणवण करावी लागणार नाही.

आपसातली मदत हक्कापर्यंत जाऊ शकते याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. वाशी-तुर्भ्याच्या बाजारात जा. मुंबईतले घाऊक बाजार खाडीपलीकडे आले, त्यांच्यामागे माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीला आले. माथाडी टोळीत काम करतो. टोळीची मजुरी टोळीत वाटली जाते, टोळीतला एकजण आजारी पडला तर बाकीचे त्याचं ओझं उचलतात. गावाकडून आलेले हे पुरुष एका गाळ्यात दहा-पंधराजण राहायचे, मिळून बाईकडे खानावळ लावायचे, कुणी वारलं तर गाळ्यातून पैसे जमवून मयत गावी पोचवायचे. पण या माणसांची संघटना तिथे थांबली नाही. पाठीवर पोतं घेणाऱ्याला कागदोपत्री मालकच नसायचा, आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मंडळं बनली, त्यांत मालक, कामगार आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार. गाळ्यातल्या पोरांनी जी सोय स्वतःच्या खिशातून केली होती तिचा भार, ज्यांच्यासाठी पोती वाहिली त्यांच्यावर टाकता आला. आज त्या कायद्याची अंमलबजावणी कुठे ढिली आहे, बोगस टोळ्यांची तक्रार आहे, हे खरं आहे. तरीही ज्यांना वाटतं की शेजाऱ्यांनी एकमेकांना सांभाळलं की सरकार सुटतं, त्यांनी हा इतिहास बघावा. एकमेकांना सांभाळणारी माणसंच एकत्र जाऊन मागू शकली.

त्यामुळे मंडळाने दवाखाना चालवावा, मंडळाने शाळा चालवावी, असं मी म्हणणार नाही. महापालिकेचं काम महापालिकेकडून करून घेणं हेही मंडळाचं काम आहे. रेशन कार्डावर सुनेचं नाव चढलेलं नाही म्हणून योजनेचा अर्ज अडतो. रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राकडे कुठला कागद द्यायचा हे घाबरलेल्या माणसाला समजत नाही. घरकामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण नोंदणी करायला अर्धा दिवस सुट्टी घ्यावी लागते आणि ती सुट्टी मॅडम कापतात. अशा वेळी कागद समजणारा एक शेजारी सोबत गेला तर पाचशे रुपयांच्या मदतीपेक्षा जास्त होतं.

आता त्या वहीतल्या एका पानाबद्दल लिहायला हवं, ज्याबद्दल मला लिहायचं नव्हतं. १९९१ मध्ये सतरा नंबर खोडलेला आहे. आडवी रेघ, बाजूला काही कारण नाही. मी तीन नंबरच्या काकींना विचारलं, त्या आता घोडबंदर रोडला मुलाकडे असतात. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘अरे, तिने नवऱ्याला घराबाहेर काढला ना. मारायचा तो. पण तेव्हा आम्हाला वाटलं, असल्या बाईला फंडात कशाला.’ सतरा नंबरच्या बाईकडे दोन मुलं होती. तिने सात वर्षं न चुकता दहा रुपये भरले होते. तिला ज्या महिन्यात सगळ्यात जास्त गरज होती त्याच महिन्यात तिचं नाव गेलं. माझी आई त्या वहीची लिहिणारी होती, रेघ तिच्याच पेनाची आहे.

शेजाराची मदत नेहमी मऊ नसते. जी गावकी लग्नात पाचशे पानं वाढते तीच गावकी वाळीत टाकते. हे इतकं खरं आहे की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराच्या विरोधात वेगळा कायदा करावा लागला, २०१६ साली विधिमंडळाने तो मंजूर केला. सावडीलाही ही बाजू होती. ज्याच्याकडे रान नाही, बैल नाही, तो सावडीत काय देणार होता? भूमिहीन माणूस त्या वर्तुळाच्या बाहेरच राहिला, आणि त्याची जात बहुतेक वेळा कोणती होती हे आपल्याला माहीत आहे. म्हणून जुनं सगळं चांगलं होतं, चाळीतली माणसं देवमाणसं होती, असल्या आठवणींवर मला नवी व्यवस्था उभी करायची नाही. उलट मी म्हणतो की सभासदत्वाचा नियम लिहिलेला हवा. जो या गल्लीत, या इमारतीत राहतो किंवा रोज काम करतो तो सभासद. भाडेकरू अकरा महिन्यांच्या करारावर असेल तरी सभासद. जात, गाव, भाषा, धर्म, नवरा आहे की नाही, काहीही विचारायचं नाही. वर्गणी थकली म्हणून नाव खोडायचं नाही, कारण वर्गणी थकते तेव्हाच त्या माणसाला आपली गरज असते.

रत्नागिरीकरांचं ग्रामस्थ मंडळ, अमुक समाजाची पतपेढी, मोहल्ल्याची जमात, यांना माझा विरोध नाही. ती माणसं परक्या शहरात एकमेकांच्या आधाराने टिकली. पण आग लागते तेव्हा ती गाव विचारून लागत नाही, आणि भिंतीपलीकडे राहणारा माणूस आपल्या तालुक्याचा नसतो. गावाचं मंडळ मयत गावी नेईल. रात्री दोन वाजता ऑक्सिजनचं सिलिंडर जिन्यावरून वर चढवायला मात्र मजल्यावरचाच माणूस लागेल.

किसननगरमध्ये आता क्लस्टरचं, म्हणजे सगळ्या वस्तीच्या एकत्र पुनर्विकासाचं, काम सुरू झालं आहे. बैठ्या चाळी आणि धोकादायक इमारती जाऊन उंच इमारती येतील. माणसांना पक्कं घर मिळावं यात दुमत नको. मात्र चाळीत कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे न सांगता कळायचं, बाविसाव्या मजल्यावर ते कळणार नाही. दार बंद असेल. म्हणून जे आपोआप व्हायचं ते आता ठरवून करावं लागेल, आणि ते करायला लागणारी बरीचशी यंत्रणा आपल्याकडे आहे. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाकडे पावतीपुस्तक असतं, खजिनदार असतो, वर्गणीला दारोदार जाणारी पोरं असतात, कुणाच्या घरी कोण आहे हे त्यांना ठाऊक असतं. ही यंत्रणा वर्षातले दहा-अकरा दिवस जिवंत असते. वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवला, तसा ठराव करून तो उद्देश पावतीवर छापला आणि धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या हिशेबातही दाखवला, तर त्या दहाव्या हिश्श्यातून एका गल्लीच्या वर्षभराच्या अडीनडी निघू शकतात. पैसे कुणाला द्यायचे हे तिघांनी ठरवावं, आणि त्या तिघांत एक जण असा हवा ज्याने स्वतः कधीतरी फंडातून घेतलं आहे. मागताना काय वाटतं हे त्याला माहीत असतं. फळ्यावर रकमा लिहाव्यात, नावं लिहू नयेत. आईची खोली नंबरची पद्धत मला अजूनही पटते. व्याज नको. बचत गटांत महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज सर्रास असतं, तिथे ते चालतं कारण तो धंद्यासाठीचा पैसा असतो आणि व्याज गटातच राहतं. मयताच्या पैशाला व्याज लावायचं नसतं. बचत गटांकडून घ्यायचं ते नियमित बैठक आणि नियमित लिखाण, त्याशिवाय कुठलाही फंड दोन वर्षं टिकलेला मी पाहिलेला नाही.

आणि वहीत फक्त रुपये लिहायचे नाहीत. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नौपाड्यात, पाचपाखाडीत अशी कितीतरी घरं आहेत जिथे पंचाहत्तरीच्या पुढचं एकटं माणूस आहे, मुलं पुण्याला किंवा परदेशात. पेन्शन चांगली आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं तर जिना उतरायची भीती वाटते. मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, पण तो दाखवायचा कसा हे माहीत नाही. औषधं आणायला, रात्री पडलं तर उचलायला कुणी नाही. दोन किलोमीटरवर वागळे इस्टेटच्या बाजूला बारावी झालेली मुलं आहेत, त्यांना इंग्रजी शिकवणारं कुणी हवंय, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म समजावून सांगणारं कुणी हवंय. त्या निवृत्त बाईंनी तीस वर्षं बँकेत नोकरी केलेली असते. या दोघांतला लाभार्थी कोण? ज्या दिवशी बाईंच्या नावे दोन तास पडतील आणि मुलाच्या जमेला दोन तास लागतील, आणि पुढच्या आठवड्यात उलट होईल, त्या दिवशी पैसेवाला आणि गरीब एकाच वहीत येतील. पैशाने सुखी असलेला माणूसही अडतो. त्याने ते कबूल करून नावेच्या बाजूला आपला नंबर लिहू दिला, तर दुसऱ्याला मागताना मान खाली घालावी लागत नाही.

लोक म्हणतील, फुकटे येतील. येतील एखाददुसरे. आईच्या बारा वर्षांच्या वहीत न फिटलेल्या आणि न सोडलेल्या रकमा मी मोजल्या, त्या चार आहेत. त्यातली एक खोली रातोरात सामान घेऊन निघून गेली होती. चार रकमांसाठी बाकीच्यांना रांगेत उभं करून कागद तपासायचे की नाही, हे चाळीतल्या बायकांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

आमच्या आताच्या सोसायटीत, ठाण्यातच, गेल्या दिवाळीपासून आम्ही अशी वही सुरू केली आहे. अठ्ठेचाळीस घरं. पहिल्या बैठकीला अकरा जण आले, आता तीसेक येतात. मार्चमध्ये एका घरात हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यांना पैसे नको होते, सोळा रात्री दवाखान्यात झोपायला माणसं हवी होती. ती वहीतून मिळाली. एप्रिलमध्ये चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूची नोकरी गेली आणि शाळेच्या फीचा पहिला हप्ता फंडातून गेला.

गेल्या रविवारी बैठक संपल्यावर रात्रपाळीचे वॉचमन काका थांबले. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचे आहेत, सहा वर्षं आमच्या गेटवर आहेत, मराठी चांगलं बोलतात. त्यांनी खिशातून वीसची नोट काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, ‘साहेब, मी पण दर महिन्याला देतो. माझा नंबर लिहा.’ सेक्रेटरी म्हणाले, काका, तुम्ही कशाला, तुम्हाला काही लागलं तर सांगा, आम्ही आहोतच. काका म्हणाले, ‘तसं नको. लिहा.’ एका सभासदाने शंका काढली की ते एजन्सीचे आहेत, एजन्सी उद्या बदलेल, मग त्यांचं नाव कुठे ठेवायचं. दुसऱ्याने विचारलं, त्यांच्या घराला आपल्याकडे नंबर कुठे आहे. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. नोट मात्र काकांनी परत घेतली नाही. मी ती वहीत, पहिल्या कोऱ्या पानावर ठेवली आहे. पुढच्या रविवारी जाताना आईचीही वही सोबत नेणार आहे, सतरा नंबरचं पान उघडून दाखवायला.